एलुबेने दुरुस्त केलेला वायपर

बांग्वेच्या चढावर, पाण्याच्या टाकीच्या अलीकडच्या गल्लीत वायसन नाखुम्वाचं घर आहे. तीन खोल्या, पुढे सिमेंटचा ओटा, आणि बाजूला एक गाडी जेमतेम उभी राहील एवढी जागा. तिथे गाडी आत घालता येते, पण वळवता येत नाही. बाहेर काढायची तर उलटीच काढावी लागते, आणि मागे गल्लीच्या कडेला कमरेइतकं खोल गटार आहे. वायसन एक कोपर खिडकीत टेकवून, एका हाताने ती गाडी सर्रकन बाहेर काढायचा. गल्लीतली माणसं थांबून बघायची. ती बघताहेत हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.

जन्मभर त्याने थ्योलोकडच्या एका चहामळ्याच्या साहेबाची गाडी हाकली होती. निवृत्त झाल्यावर जपानहून आलेली एक जुनी राखाडी गाडी घेतली. त्यात त्याची मळ्यातून मिळालेली रक्कम गेली, आणि त्याची बायको एलुबे हिने कित्येक वर्षं पहाटे उठून तळलेल्या मांडासींची, म्हणजे पिठाच्या गोड गोळ्यांची, सगळी कमाईही गेली. कागदावर नाव एकट्या वायसनचं लागलं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. एलुबेलाही नाही.

गाडीला तिने हात लावलेला त्याला खपायचं नाही. धुताना तीच बादल्या भरून आणायची, फडकं मात्र तो फिरवायचा. बिघाड झाला तरी गॅरेजवाल्याला तो दारात उभं करायचा नाही. "ती माणसं चांगला भाग काढून घेतात आणि आपला कुजका बसवतात," म्हणायचा. ओट्यावर पत्र्याचा डबा उघडून सगळं घरीच करायचा. त्याची बहीण आली की पुढची जागा बहिणीची. एलुबे मागे, मांडासीच्या बादलीला मांड्यांत धरून.

मग एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून वस्तरा गळून पडला. तो वाकून उचलायला गेला आणि तिथेच आडवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. वाचा काही महिन्यांनी परत आली. जीभ जरा जड झाली, पण शिव्या पहिल्यासारख्याच स्वच्छ यायच्या.

गाडी तशीच धूळ खात उभी राहिली. दर आठवड्याला त्याला मोठ्या दवाखान्यात हातापायाच्या व्यायामाला न्यावं लागायचं, आणि मिनीबसमध्ये त्याला चढवणं म्हणजे दोन माणसांचं काम. शेवटी एलुबे शेजारच्या नाचिसाले बाईंकडे गेली. बाई लहान मुलांची शाळा चालवतात आणि शाळेची व्हॅनही स्वतःच चालवतात. रविवारी चर्च सुटल्यावर त्यांनी एलुबेला फुटबॉलच्या मैदानावर नेलं आणि शिकवलं. एलुबे परवाना घेऊन घरी आली, तेव्हा वायसन ओट्यावर बसलेला होता.

"चालव," तो म्हणाला. "पण गटारात गेलीस तर मला ओढून काढायला माणसं बोलवू नकोस. मी तिथेच राहीन. तुझ्यापासून तेवढंच लांब."

ती हसली. तिला वाटलं, त्याने परवानगी दिली ती अशी दिली.

वर्षभर तिने गाडी चालवली. सकाळी मांडासीच्या बादल्या दवाखान्याच्या फाटकाशी पोचवायच्या, व्यायामाच्या दिवशी वायसनलाही बरोबर न्यायचं. रस्ताभर तो तिला गिअर सांगायचा, ब्रेक सांगायचा, पुढच्या ट्रकवाल्याला शिव्या द्यायच्या त्या तिच्या वतीने द्यायचा. पण गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली की गप्प व्हायचा आणि आपल्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत राहायचा. त्याचं तिला तेव्हा काही वाटलं नाही.

जून लागला आणि चिपेरोनी आला. ते गार, धुक्यात मिसळलेलं भुरभुरणं एकदा डोंगरावर बसलं की दिवसचे दिवस उठत नाही. अशातच मागच्या काचेवरचा वायपर अर्ध्या वाटेत थांबला. दुसऱ्या दिवशी गाडी उलटी काढताना एलुबेला मागे चिखलाच्या रांगोळीशिवाय काही दिसलं नाही. हळूच आली, तरी काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. गटाराकाठी एक म्हातारी टोमॅटोचे ढीग मांडून बसायची. म्हातारी वेळेवर उठली म्हणून वाचली, तिची फळी आणि टोमॅटो मात्र गटारात गेले.

माणसं जमली. वायसनने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"या, या," तो सगळ्यांना म्हणाला. "माझी बायको बाजाराला निघाली होती. पण तिला पायी जायचा कंटाळा, म्हणून बाजारच अंगावर घेतला."

माणसं पोट धरून हसली. एलुबे गटारात उतरून टोमॅटो वेचत होती. कमरेला गुंडाळलेली तिची चितेंजे गुडघ्यापर्यंत भिजली होती. म्हातारी तेवढी हसली नाही. "दिसलं नसेल तिला," म्हणाली.

घरी आल्यावर वायसन म्हणाला, "वायपरची ती मोटर खाली उतरवायची. शनिवारी. मी सांगेन, तू करशील."

"मी?"

"मग कोण, माझा उजवा हात? त्याला विचार, तो काय म्हणतो ते."

शनिवारी सकाळी तिने त्याची खुर्ची ओट्याच्या कडेला आणली, गुडघ्यांवर घोंगडी घातली आणि हत्यारांचा पत्र्याचा डबा मांडीवर ठेवला. डाव्या हाताने एकेक हत्यार चाचपून तो तिला द्यायचा.

"वायपरच्या दांडीच्या बुडाशी प्लॅस्टिकचं टोपण आहे. उचल. नखाने नको, पेचकसाने. खाली नट दिसला?"

"दिसला."

"सोडव. आता दांडी ओढ."

"येत नाही."

"येईल कशी? तू तिला विनवण्या करतेयस. हलव, डावी-उजवी. दात उपटतात तशी."

दांडी कटकन निघून आली आणि एलुबे मागच्या मागे चिखलात बसली. वायसनच्या घशातून एक आवाज आला. आजारपणानंतर तो आवाज तिने ऐकला नव्हता, म्हणून आधी तिला वाटलं, ठसका लागला. तो हसत होता.

मग डिकीचं दार वर करून आतलं प्लॅस्टिकचं आवरण काढायचं होतं. ते आतल्या खुंट्यांवर बसवलेलं असतं. एकेक खुंटी खालून उचकटावी लागते. चौथी खुंटी मोडली.

"मोडलीस."

"एकच तर."

"नवराही एकच आहे तुला. तोसुद्धा अर्धा."

"अर्धाच पुरे झालाय," ती म्हणाली, आणि तो पुन्हा हसला.

आवरण निघालं. आत दाराच्या पत्र्याला तीन बोल्टांनी धरलेली मोटर होती, मुठीपेक्षा थोडी मोठी. तिने वायरींचं टोक ओढून सोडवलं, बोल्ट काढले आणि मोटर त्याच्या मांडीवर आणून ठेवली. त्याने ती डाव्या हातात तोलली, हुंगली. जळका वास नव्हता.

"दोन वायरी घे. बॅटरीला लाव, दुसरी टोकं मोटरच्या टोकांना. जपून, ठिणगी उडेल."

ठिणगी उडाली. मोटर घूं घूं करायला लागली, पण तिचा दांडा काही फिरेना.

"काढ, काढ वायर, नाहीतर जळेल. म्हणजे मोटर जिवंत आहे. दांडाच आखडलाय. काचेतून बाहेर येतो तिथलं रबर फाटलं असणार. पाणी आत गेलं, गंज चढला. जागेवर आहे सगळं, फक्त हलत नाही." त्याने घोंगडी सारखी केली. "माझ्यासारखं."

एलुबेने पेचकस पुसला.

त्याने सांगितलं तसं तिने झाकण उघडलं. आतलं ग्रीस वाळून जुन्या साबणासारखं झालं होतं. दांड्याला धरून ठेवणारी बारीक कडी तिने पकडीने काढली. ती उडून हरवते म्हणून त्याने तिला आधी मोटरवर फडकं धरायला लावलं होतं. मग गंजलेल्या जागी रॉकेलचे थेंब सोडले, आणि मुरेपर्यंत थांबायचं ठरलं.

तिने चहा केला. तो ओट्यावर, ती खालच्या पायरीवर. भुरभुर पन्हाळीवरून टपकत होती. कप त्याच्या तोंडाला लावताना हनुवटीवरून ओघळ आला, तो तिने पदरासारख्या चितेंजेच्या टोकाने पुसला. एरवी तो मान फिरवायचा. त्या दिवशी फिरवली नाही.

"तुझे हात बरे आहेत," तो म्हणाला. "थरथरत नाहीत."

एवढंच म्हणाला. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी मायेसो शिकून लिलोंग्वेला नोकरीला लागली, तोवर या माणसाने तिच्या कशालाही बरं म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. तिने रिकामे कप उचलले आणि उगाच दोनदा विसळले.

रॉकेल मुरल्यावर तिने दांड्याच्या टोकावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोकलं. हळू ठोक, टोक चेपेल, म्हणाला. मग जोरात ठोक, म्हणाला. मग आईवरून शिवी दिली, ती दांड्याला. दांडा सरकला. सरकला आणि बाहेर आला, विटकरी रंगाचा. तिने पॉलिश पेपरने घासून घासून तो चकचकीत केला, भोकही आतून साफ केलं. नवं ग्रीस भरलं. फाटलेल्या रबराच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून गोल चकती कापली. चकती नीट बसेपर्यंत त्याने तिला तीनदा कापायला लावली, आणि तिनेही न कुरकुरता कापली.

सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. दांडी लावायला ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "थांब. आधी मोटर एकदा चालवून बंद कर. ती आपल्या घरी जाऊन थांबेल. मग दांडी काचेच्या खालच्या कडेला ठेवून आवळ. नाहीतर भलतीकडेच आपटत बसेल."

तिने तसं केलं. मग बटण दाबलं, आणि वायपर चिखल ओढत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला. वायसनला बघायचं होतं. ती त्याला आधार देऊन गाडीच्या मागे घेऊन गेली. तो तिच्या खांद्यावर डावा हात टाकून भुरभुरीत उभा राहिला.

"चालतोय," तो म्हणाला, आणि तिचा खांदा दाबला.

त्या संध्याकाळी तिने टोमॅटो घालून सुकी उसिपा मासळी केली, त्याला आवडते तशी तिखट. मायेसोचा फोन आला.

"तुझे बाबा आज हसले," एलुबे म्हणाली.

"कोण हसलं?" मायेसोने विचारलं.

"बाबा. आम्ही वायपर दुरुस्त केला."

पलीकडे मुलीने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?"

पुढच्या रविवारी झोम्बाहून लॅक्सन आला. लॅक्सन हा वायसनच्या बहिणीचा मुलगा. मामा दवाखान्यात होता तेव्हा एकदा येऊन गेला होता, त्यानंतर फिरकला नव्हता. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात साखरेची पिशवी आणि पाव. एलुबेने त्याला बसायला दिलं आणि आत चहा ठेवला. बाहेर आली तर तो गाडीभोवती फिरत होता. टायरला लाथ मारून बघितली, डिकी उघडून बघितली.

"मागचा वायपर बघ," वायसन खुर्चीतून म्हणाला. "बंद पडला होता. मी दुरुस्त केला. मोटर उघडून."

"या हाताने, मामा?"

"डोकं तर चालतं ना माझं."

एलुबे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पाहुण्यासमोर माणूस थोडं वाढवून सांगतो, असं तिने मनाशी म्हटलं आणि ट्रे खाली ठेवला.

चहा झाल्यावर वायसन तिच्याकडे न बघता म्हणाला, "किल्ली दे त्याला."

"कुठे जायचंय? मी सोडते की."

लॅक्सनने आपल्या बुटांकडे बघितलं. "मामी, मामांनी तुम्हाला सांगितलं नाही? त्यांनी मला इस्टरलाच फोनवर सांगितलं होतं, गाडी तुझी म्हणून. मध्ये फोन आला, की वायपर बंद आहे, तेवढा दुरुस्त झाला की ये आणि घेऊन जा."

किल्ली एलुबेच्या चितेंजेच्या गाठीत होती. तिचा हात गाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मंगळवारी दवाखाना आहे," ती म्हणाली.

"मी येईन ना, मामी. नुसता फोन करा. झोम्बा काय लांब आहे?"

"माझ्या बहिणीचा मुलगा आहे," वायसन म्हणाला. "मी गेल्यावर त्याचीच होणार. मग मेल्यावर कशाला, डोळ्यांदेखत देतो."

"आणि मांडासी कशी न्यायची मी?"

"आधी कशी नेत होतीस? डोक्यावरूनच ना? डोकं आहे अजून."

एलुबेने गाठ सोडली. किल्ली कोणाच्या हातात दिली नाही, ट्रेमध्ये उष्ट्या कपाशेजारी ठेवली. लॅक्सनने ती उचलली. गाडी बाहेर काढताना दोनदा गटाराकडे गेला. वायसन ओट्यावरून डावीकडे, उजवीकडे म्हणून ओरडत होता. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. काच कोरडी होती, तरी मामाला बरं वाटावं म्हणून लॅक्सनने जाता जाता मागचा वायपर सुरू करून दाखवला.

एलुबे दुसऱ्या दिवशी भावाकडे गेली. जायलोसी तिचा थोरला भाऊ, आणि तिच्या लग्नाचा न्खोस्वेही तोच. नवराबायकोत काही बिनसलं तर त्याच्यापुढे मांडायचं, हे लग्नातच ठरलेलं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काडीने दात कोरत बसला.

"पैसे तुझेही होते, मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण आपल्यात बहिणीचं मूल म्हणजे वारस. माझं जे काही आहे ते उद्या तुझ्या मायेसोचं. मग वायसनने त्याच्या भाच्याला दिलं, तर मी कुठल्या तोंडाने बोलू?"

"तुझ्याकडे एक सायकल आहे, दादा. तीही पंक्चर."

"सायकल असो नाहीतर बस असो. रीत तीच."

"रीत मेल्यावरची आहे. हा माणूस जिवंत आहे. रोज मी त्याला धुते, म्हणून मला माहीत आहे."

जायलोसीने काडी फेकली. "घरी जा, एलुबे. आजारी माणूस आहे. त्याच्याशी भांडलीस तर लोक तुलाच नावं ठेवतील."

ती घरी आली. वायसनला जेवायला घालताना तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

त्याने घास गिळला. "सांगितलं असतं, तर दुरुस्त केली असतीस?"

तिने पुढचा घास कालवला. मग तो आपणहून बोलला, तिच्याकडे न बघता.

"तुझ्या शेजारी पोत्यासारखा बसायचो मी. गल्लीतून जाताना माणसं बघायची. ज्याने साहेबाची गाडी चालवली, त्याला बायको फिरवतेय. गाडी नसली तर तू चालवणार नाहीस. संपलं."

"आणि व्यायाम?"

"मी बरा होणार नाही. तुला माहीत आहे ते, आणि दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या त्या पोरीलाही माहीत आहे. ती फक्त माझी बोटं मोजते."

एलुबेने ताटली उचलली. तिला त्या शनिवारचं सगळं आठवत होतं: पायरी, चहा, खांद्यावरचा हात. त्यातलं काय तिच्यासाठी होतं आणि काय लॅक्सनसाठी, हे तिला वेगळं करता येईना. सगळंच लॅक्सनसाठी होतं असं धरलं तर निदान पुन्हा पुन्हा विचार तरी करायला लागणार नाही, असं तिने ठरवलं.

मंगळवारी लॅक्सनने फोन उचलला नाही. पुढच्या मंगळवारी उचलला, गाडी कामावर आहे म्हणाला. झोम्बाच्या बाजारापाशी तो ती टॅक्सी म्हणून फिरवतो, हे मागाहून कोणीतरी येऊन सांगितलं. एलुबेने काही आठवडे वायसनला मिनीबसने नेलं. कंडक्टर त्याला काखेत धरून वर ओढायचा आणि दोन माणसांची जागा अडते म्हणून तोंड करायचा. मग वायसननेच एक दिवस दारातून पाय उचलायचं नाकारलं. ते जाणं तिथेच थांबलं. वर्ष सरायच्या आत त्याच्या उजव्या हाताची बोटं तळव्यात मिटून गेली. नखं कापायची तर ती एकेक उलगडावी लागतात आणि तो कळवळतो.

नाचिसाले बाईंनी तिला शाळेची व्हॅन चालवायला विचारलं. मांडासी डोक्यावरून वाहून तिची मान धरली होती. तिने लगेच हो म्हटलं.

"माझ्या घरातली बाई दुसऱ्यांची पोरं वाहणार नाही," वायसन म्हणाला.

"तुमच्या घरात गाडी नाही," ती म्हणाली, "म्हणून दुसऱ्यांची चालवते."

तो दोन दिवस तिच्या हातचं जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला. तिने त्याची मनधरणी केली नाही, तसं पूर्वी कधी झालं नव्हतं.

ओट्यावर कोणी येऊन बसलं की तो अजून गाड्यांच्या गोष्टी सांगतो. आजारी पडल्यावरही एका हाताने मोटर कशी उघडली ते सांगतो. एकदा एलुबे आत पीठ मळत होती. तसेच पिठाचे हात घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "मी उघडली." पाहुण्याला ते गमतीचं वाटलं. वायसनही हसला. "हो, हो, पाना हिच्या हातात होता," म्हणाला. ती पुन्हा आत गेली.

हल्ली ती दुपारी मुलं पोचवून घरी येते, तेव्हा तो बहुधा लघवीने ओलाच बसलेला असतो. शेजारी हाक मारली तर कोणीही येईल, पण तो मारत नाही. ती त्याला उठवते, पुसते, कोरडं नेसवते, पुन्हा खुर्चीत बसवते.

"उशीर केलास," तो म्हणतो.

"पोरं होती," ती म्हणते, आणि ओला कपडा बादलीत टाकून मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळायला चुलीकडे जाते.